परत आलेली एकच गाडी

गॅरेजातली माणसं त्याला पाठीमागे ‘तासकाटा’ म्हणत. हा माणूस हलतो, पण हलताना कुणाला दिसत नाही, असा त्यातला टोमणा. तोंडावर मात्र सगळे मिस्त्री म्हणत, कारण जुन्या गाडीचं मीटर उघडायची छाती तिथे दुसऱ्या कुणाला नव्हती. मीटर म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या नाकासमोर असतं ते सगळं: वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, इंजिन किती तापलंय ते सांगणारा काटा, किलोमीटरचे आकडे आणि त्यांच्यामागचे वाटाण्याएवढे दिवे. नव्या गाडीत तिथे नुसता पडदा असतो. बिघडला की काढून दुसरा बसवतात. जुन्यात आत दातेरी चाकं, केसासारख्या स्प्रिंगा आणि तांब्याच्या रेघा असतात. तसं दुसरं आता कुठे मिळत नाही, म्हणून आहे तेच जगवावं लागतं. जगवणारा हा.

त्याचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. कौतुक करायचा हक्क मी घालवून बसले आहे. त्याचं नाव त्या गॅरेजात माझ्यामुळे बुडालं, ते कसं बुडालं एवढंच सांगायचं आहे.

गॅरेजच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली त्याची खोली होती. निम्म्या खोलीत त्याचं टेबल, निम्म्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची. मधे एक दोरी, तिच्यावर लटकलेल्या पँटी, आणि त्या पँटींच्या आडून दोघांचं दिवसभर बोलणं चाले. म्हणजे ती बोले आणि तो “हं” म्हणे. टेबलावर पांढरं फडकं, भिंतीवर डोळ्याला लावायचं भिंग, आणि थर्माकोलचे तुकडे. कुठलंही मीटर उघडलं की तो थर्माकोलवर आधी त्याचं चित्र काढी आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रात खोचून ठेवी. परत बसवताना प्रत्येक स्क्रूची खाच उभी, अगदी सरळ उभी, ठेवायची त्याची पद्धत होती. मी विचारलं, “याने काय होतं?” तर म्हणाला, “काही होत नाही. माझ्यानंतर कुणी उघडलं तर मला कळतं.”

मूळचा तो घड्याळजी. मामाच्या दुकानात शिकला. मग घड्याळं सेलवर चालायला लागली, लोक दुरुस्त करायच्या ऐवजी नवीन घ्यायला लागले, तेव्हा मामाच म्हणाला, “भाच्या, घड्याळात आता काही राहिलं नाही. काटे गाड्यांतही असतात, तिकडे जा.” तो तिकडे गेला. आता गाड्यांतलेही काटे चालले होते. एक धंदा पायाखालून सरकलेला, दुसरा सरकतोय, आणि हा मधे उभा राहून स्क्रूच्या खाचा सरळ करतोय, असा सगळा प्रकार.

जुन्या गाड्या विकणारा एक दलाल एकदा त्याच्याकडे आला होता, किलोमीटरचे आकडे कमी करून मागायला. मिस्त्री म्हणाला, “आकडे मागे न्यायचेत ना? मग तेवढी गाडी उलटी चालवून आणा.” गॅरेजात हा किस्सा पुष्कळ दिवस चालला. तो स्वतः कधी सांगत नसे. स्वतःबद्दल त्याचं एकच वाक्य होतं: “माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही.” यात बढाई नव्हती. आपण आपला रक्तगट सांगतो तसं तो ते सांगायचा. गॅरेजचा मालकही नव्या गिऱ्हाइकाला तेच वाक्य ऐकवी, आणि मिस्त्रीकडे येणारी दहातली नऊ कामं याच मालकाकडून येत.

आमची गाडी सत्तावीस वर्षांची. नवऱ्याचा तिच्यावर एवढा जीव की मी तिला सवतच म्हणते. तिचा वेगाचा काटा थरथरायला लागला, किलोमीटरचे आकडे एका जागी बसले आणि पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असताना निम्मी आहे म्हणायला लागला. मालकाने मिस्त्रीला बोलावलं. काम कसं करतात ते मला पाहायचं होतं. मी चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आहे. वेगाचा काटा कशाने हलतो यावर मी तासभर बोलू शकते, आणि दुर्दैवाने त्या दिवशी बोलले.

त्याने आधी बॅटरीची तार सोडवली. “विजेला विचारल्याशिवाय आत हात घालू नये,” म्हणाला. स्टिअरिंगच्या दांड्यावर जाड टॉवेल टाकला, काचेला ओरखडा पडू नये म्हणून. मीटरवरच्या छज्ज्याखालचे दोन स्क्रू काढले, मीटर इंचभर पुढे झुकवलं आणि थांबला.

“बाई, इथे बघा. इथे सगळे ओढतात. मागे वेगाच्या काट्याची केबल असते, ती धरून ठेवते. हात मागे घालायचा, तिची खिट्टी दाबायची, मग ती सुटते.”

“हो हो,” मी म्हणाले, “त्या केबलच्या टोकाला चुंबक फिरतं आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की त्या वाटीत प्रवाह तयार होतात, आणि ते प्रवाह…”

“असेल बाई. मला एवढंच कळतं की चुंबक फिरतं आणि काटा त्याच्या मागे लागतो.”

तो दाखवत होता आणि मी शिकवत होते. खिट्टी दाबल्याचा बारीक आवाज मी ऐकला. पाहिलं मात्र नाही.

पाच दिवस गाडी तिथे होती. तुटलेल्या दात्याचं चाक त्याने दुसऱ्या एका मेलेल्या मीटरमधून काढून घासून बसवलं. काटा उपसायच्या आधी तो खालच्या खुंटीवरून उचलून मोकळा सोडला आणि एक अख्खा दिवस तसाच राहू दिला. “त्याला नेमकं कुठे बसायचंय ते त्याचं त्याला ठरवू दे,” म्हणाला. मग जिथे तो थांबला तिथे पेन्सिलीचा ठिपका काढला आणि चहाचे दोन चमचे दोन बाजूंनी खाली सरकवून काटा अलगद वर घेतला. मी रोज फोन करून “झालं का?” विचारत होते. शेवटी नवऱ्याला घेऊन तो रस्त्यावर गेला आणि किलोमीटरच्या दगडांवर मनगटावरचं घड्याळ लावून काटा तपासला. साठावर काटा, दगड ते दगड बरोबर एक मिनिट. नवरा घरी येऊन लहान पोरासारखा सांगत होता.

तीन आठवड्यांनी डाव्या बाजूचा एक दिवा गेला. वाटाण्याएवढा दिवा! त्यासाठी परत त्या माणसाकडे जायचं आणि पाच दिवस वाट पाहायची? मी आयुष्यभर मुलांकडून सर्किटं जोडून घेतलेली बाई. नवरा दुपारचा झोपला होता. त्याने मला बजावून ठेवलं होतं, “गाडीला तू हात लावायचा नाहीस. मिक्सर उघडलास तेव्हा काय झालं ते आठव.” मिक्सरचं काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, दिव्यांच्या दुकानातून आणलेला दिवा घेतला आणि गाडीत जाऊन बसले. दोन स्क्रू काढले. मीटर इंचभर पुढे आलं आणि अडलं.

मी ओढलं.

‘कट्’ असा आवाज झाला. मागे पिवळट पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या रेघा असतात, त्याचा एक कोपरा तारांच्या जोडापाशी कागदासारखा फाटला होता. एक रेघ तुटली होती. केबल मग सुटली, तीही माझ्या अकलेने नाही, धसमुसळेपणाने. मी घरात गेले, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी कापली, रेघेच्या दोन टोकांवर दाबली आणि वर चिकटपट्टी लावली. दिवा बदलला, केबल खोचली. चावी फिरवली. दिवा लागला. पेट्रोलचा काटा वर आला. तापमानाचा काटा खाली होता, पण गाडी थंडच होती, काटा खालीच असणार. मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहा करून प्यायले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “अगं, तो दिवा लागला की आपोआप!”

“सैल असेल,” मी म्हणाले. “बसला असेल जागेवर.”

लोक मला फटकळ म्हणतात. तोंडावर बोलते, खोटं खपवून घेत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी चांगली जोपासलेली आहे. म्हणून हे पहिलं खोटं किती सहज तोंडातून गेलं ते मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं नणंदेकडे निघालो होतो. चढ होता, ऊन होतं. पाण्याचा एक पाइप कुठेतरी गळत होता, ते आम्हाला काय ठाऊक. नवऱ्याची नजर सवयीने काट्यावर जात होती आणि काटा खाली, अगदी निवांत. घाटासारख्या त्या चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हाही काटा खालीच होता. गाडी दोराने बांधून गॅरेजात आणली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, तापून वाकलं होतं.

मालकाने मीटरकडे पाहिलं. “काटा मेलेला आहे. साहेब, मिस्त्रीनंतर कुणी मीटर उघडलं होतं का?”

“छे,” नवरा म्हणाला. “मी तर हातच लावत नाही.” आणि माझ्याकडे वळला. “तू नाही ना उघडलंस?”

आजूबाजूला सहा-सात माणसं. हातात पाने, तोंडावर काळं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मिक्सर.

“मी कशाला उघडू?” मी म्हणाले. वर आणखी म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं.”

आयुष्यात पहिल्यांदाच मला कशातलं काही कळत नव्हतं.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला तो त्याच्या चालीने. मालक तोवर तापला होता. “या. तुमची परत न येणारी गाडी परत आलीय. बघा.”

कुणीतरी मागून म्हणालं, “तासकाट्याचे बारा वाजले.” दोघं-तिघं हसले.

मिस्त्रीने बॅटरी सोडवली. टॉवेल टाकला. छज्ज्याखाली वाकून पाहिलं आणि तिथे तो क्षणभर थांबला. खाचा आडव्यातिडव्या होत्या. त्याने स्क्रू काढले, खिट्टी दाबली, मीटर बाहेर घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून उलटं केलं. पण मी बाजूला उभी होते, मला दिसत होतं. चांदी दिसली, चिकटपट्टी दिसली. चिकटपट्टीवर छोटी निळी फुलं होती. नातीच्या वाढदिवसाची भेट बांधताना उरलेली. असली पट्टी गॅरेजात कुणाकडे असते?

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, वेगाचा काटा हलावा एवढंच. मग नखाने ती पट्टी सोलली, चांदीसकट तिची गोळी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. वळून म्हणाला, “रेघ तुटलीय.”

“कशी तुटली?” मालकाने विचारलं.

“माझ्याकडून बसवताना राहिलं असेल.”

मालक मग जे बोलला ते सगळं मी लिहीत नाही. शेवटी म्हणाला, “एका रेघेपायी हेड गेलं. माझ्या गॅरेजची अब्रू गेली. यापुढे मीटरं आमचा इलेक्ट्रिशियन बघेल.” मिस्त्री “बरं” म्हणाला आणि टॉवेलची घडी घालून गेला.

नवरा परत येताना रिक्षात म्हणाला, “माणूस चांगला होता गं. वय झालं असेल.”

मी म्हणाले, “असेल.” चौथं खोटं. मी मोजत होते.

घरी गेल्यावर सांगू असं ठरवलं. मग जेवण झाल्यावर सांगू. मग गाडी दुरुस्त होऊन आली की सांगू, तेव्हा नवऱ्याचा राग उतरलेला असेल. गाडी आली. इलेक्ट्रिशियनने ती रेघ कथलाचा जाड डाग देऊन जोडली होती, काटे चालत होते. आता कशाला उकरून काढायचं, असं वाटायला लागलं. दोन महिने असे गेले. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार शब्द मिळतात, एवढा एकच धडा मी त्या दोन महिन्यांत शिकले.

मग एकदा डोळे तपासायला आम्ही इस्पितळात गेलो. पार्किंगच्या फाटकाशी गाडी थांबली, खिडकीतून एक हात चिठ्ठी घेऊन आत आला. तो हात मी ओळखला. नखं तशीच, बारीक कापलेली. मिस्त्री. अंगात पार्किंगवाल्यांचं पिवळं जाकीट, त्याला एका मापाने मोठं.

“नमस्कार साहेब. नमस्कार बाई.” तो वाकून मीटरकडे बघत म्हणाला, “चालतायत ना काटे?”

“चालतायत, चालतायत,” नवरा म्हणाला, आणि अवघडून पुढे गेला. मी काही बोलले नाही. मागे गाडीवाले हॉर्न वाजवत होते, हे खरं. पण हॉर्न वाजत नसते तरी बोलले नसते.

डॉक्टरने माझ्या डोळ्यांत थेंब टाकले, तासभर काही दिसत नव्हतं. त्या तासात मला ते जाकीट मात्र दिसत होतं.

त्याच संध्याकाळी मी एकटी त्या गल्लीत गेले. टेबलावरचं फडकं स्वच्छ होतं, म्हणजे काम नव्हतं. तो नुकताच येऊन हातपाय धूत होता. बायको मशीनवर होती. मला पाहून तिने पाय थांबवले नाहीत.

“या बाई,” ती म्हणाली. “काय आखूड करायचंय?”

“मिस्त्रींशी बोलायचं होतं.”

“अहो, बाई आल्यात. बोलायला आल्यात म्हणे.” मशीन खडखडत होतं. “तीस वर्षांत एक गाडी परत आली नव्हती. झोपेत बोटं हलतात या माणसाची, काटे बसवल्यासारखी. आता दिवसभर चिठ्ठ्या फाडतोय.”

“अगं, थांब,” मिस्त्री म्हणाला.

“मी कुठे काय बोलले? मी तर शिवतेय.”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. दिवा, स्क्रूड्रायव्हर, ओढणं, चांदी. बसायला सांगितलं असतं तर मी बसले नसते. कुणी सांगितलंच नाही. सांगून झाल्यावर विचारलं, “तुम्हाला तर तेव्हाच कळलं होतं. तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून.”

मशीन थांबलं.

“साहेब शेजारी होते,” तो हात पुसत म्हणाला. “सगळ्या लोकांत ते तुम्हाला बोलले असते. मी म्हटलं, घरी जाऊन बाई सांगतील. बाई खोटं बोलत नाहीत, असं सगळे म्हणतात. मग साहेब दोन दिवसांत स्वतःच गॅरेजात येऊन सांगतील, असं झालं तसं झालं. मी आठवडाभर बाहेर कुठे गेलोही नाही. बोलावणं आलं तर घरी असावं म्हणून.”

“तो आठवडा मी विसरायची नाही,” बायको म्हणाली.

मी माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे बाई.” बायको काही म्हणाली नाही, आणि तिचं मला जास्त खरं वाटलं. मी म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर गॅरेजात चला. मी सगळ्यांसमोर सांगते.”

“मी नाही येणार.”

“का?”

“मी शेजारी उभा राहिलो तर त्यांना वाटेल, मीच तुमच्या पाया पडून तुम्हाला आणलंय.”

एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, “गाडी काढा, गॅरेजात जायचंय.” का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरातच मिटलं असतं, तो एकटाच जाऊन मालकाच्या कानात कुजबुजून आला असता. मला कुजबूज नको होती.

चहाची वेळ होती, सगळे जमलेले होते. मी मालकाला म्हणाले, “मिस्त्रीची काही चूक नव्हती. मीटर मी उघडलं होतं. रेघ मी तोडली. त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोलले.”

मग मालकाने पेला खाली ठेवला आणि हात जोडले.

“बाई, मानलं तुम्हाला. मन मोठं आहे तुमचं. तो पार्किंगला उभा राहतो ते बघितलंत ना? आम्हालाही वाईट वाटतं. पण म्हणून तुम्ही स्वतःवर कशाला घेताय?”

“मी घेत नाही. ते माझंच आहे.”

नवरा तर हसायलाच लागला. “ही? हिला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही. अहो, काल इस्पितळातून आल्यापासून तिच्या मनाला लागलंय ते. अगं, आपण त्यांना दुसरं काही काम बघू.”

“बाईंसारखी माणसं राहिली नाहीत,” कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलले तर माझा मोठेपणा झाला. आयुष्यभर कमावलेली ख्याती अशी माझ्याच अंगावर आली. तिथे उभं राहून ते कौतुक ऐकताना अंगावर कुणी घाण पाणी ओतावं तसं झालं.

मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. “बॅटरी कुणीतरी सोडवा,” म्हणाले. “त्या दिवशी मी तीही सोडवली नव्हती.” आणि गाडीत बसले.

बहात्तराव्या वर्षी गाडीच्या छज्ज्याखाली मान घालणं शोभत नाही. चष्मा घसरला, केस विस्कटले. दोन स्क्रू काढले. मीटर इंचभर पुढे घेतलं आणि ते अडलं.

“इथे,” मी आतूनच ओरडले. “इथे केबल धरून ठेवते. मिस्त्रीने मला दाखवलं होतं, मी ऐकलं नाही. इथे मी ओढलं. आतली पिवळी पट्टी डावीकडच्या कोपऱ्यात फाटली, तारांच्या जोडापाशी. वर मी चिकटपट्टी लावली, निळ्या फुलांची. ती त्याने तुमच्यासमोर काढून खिशात टाकली, तुम्हाला कुणाला दिसली नाही. इलेक्ट्रिशियनला विचारा, डाग कुठे दिला.”

इलेक्ट्रिशियन पुढे आला. त्याने वाकून पाहिलं. “डाव्या कोपऱ्यातच दिला होता,” तो हळू म्हणाला. “आणि चिकट होतं तिथे. मला वाटलं, मिस्त्री आणि चिकटपट्टी?”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?” मालक खेकसला.

मी मान बाहेर काढली. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. “नातीच्या वाढदिवसाची पट्टी,” तो म्हणाला. एवढंच.

मालकाने वाकून आत पाहिलं. मग म्हणाला, “बसवा बाई ते परत.”

“ते मला येत नाही. म्हणूनच तर हे सगळं झालं. त्याला बोलवा.”

मालकाने फोन लावला. हाताला ग्रीस होतं म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न.

“मिस्त्री, जरा येऊन जा. साहेबांच्या गाडीचं मीटर अर्धवट बाहेर काढलंय.”

“कुणी काढलं?”

मालकाने माझ्याकडे पाहिलं. “बाईंनी. त्यांनी सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. मिस्त्री, माझं चुकलं. मी तुम्हाला नाही ते बोललो. मीटरं तुमच्याकडेच येतील. आत्ता येता का?”

“आत्ता पाळी आहे माझी. उद्या दुपारी येईन.”

“सोडा की ती पाळी!”

“न सांगता कशी सोडू? इथले लोक माझ्या भरवशावर आहेत.”

मालक खाली बघायला लागला. आम्ही सगळेच.

“केबल ओढलीय का?” फोनमधून आवाज आला.

“नाही. मधेच थांबल्या.”

“मग आहे तसं राहू दे. उद्यापर्यंत कुणी हात लावू नका.” मग तो म्हणाला, “बाईंनाही सांगा.”

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, नवरासुद्धा. मी स्क्रूड्रायव्हर मालकाच्या हातात दिला आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरकून उभी राहिले.